माझी खाच सरळच होती

कुलसुमबीचं कुणी ऐकलं नाही. बापानं ऐकलं नाही, सख्ख्या भावानं ऐकलं नाही. मुरूम गावच्या धुळाप्पा शेटजीनं तर तिच्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ती घसा फोडून सांगत होती, "रंधा सरळ हाय, खाच सरळ हाय, दार उघडून बघा!" आणि सगळे एकमेकांकडं बघून म्हणत होते, बाई आहे, बोलणारच.

तो रंधा म्हणजे मी. तेव्हा मला गप्प बसावं लागलं. आता बोलतोय, आणि मनात ठेवून काही बोलणार नाही. ज्याला ऐकवत नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

मी साधा रंधा नाही. साधा रंधा फळी गुळगुळीत करतो, त्याच्यावरून लोक हात फिरवतात, वा म्हणतात. माझं काम निराळं. शेतात नांगर जसं तास काढतो तशी मी लाकडाच्या कडेला खाच काढतो. सरळ, सारख्या रुंदीची, सारख्या खोलीची. त्या खाचेत दुसरी फळी येऊन बसते. दाराची फळी असो, पेटीचा तळ असो, सगळं माझ्या खाचेच्या जिवावर उभं असतं. पण फळी एकदा आत गेली की खाच झाकली जाते. माझं काम कुणाला दिसत नाही. काही मोडलं की मग मात्र सगळ्यांना मी आठवतो.

माझं अंग शिसवीचं. हैदराबादकडच्या एका कारागिरानं मला घडवलं. पोटाखाली लोखंडाची पट्टी, तिच्यावर मी चालतो. बाजूला दोन दांड्यांवर सरकणारी लाकडी टेकण. ती लाकडाच्या कडेला टेकून चालते आणि मला इकडंतिकडं जाऊ देत नाही. खोली राखायला पितळेचा एक ठोकळा. तो लाकडाला टेकला की बस, पुढं कापायचं नाही. आणि सोबत अरुंद-रुंद पाती, जशी खाच हवी तसं पातं.

माझा पहिला धनी सोलापूरचा एक म्हातारा मिस्त्री. काम संपलं की मला पुसून, तेल लावून झोपवायचा. तो गेला आणि पोरं गिरणीत लागली. मग माझे हाल सुरू झाले. घरच्यांनी मला दाराला टेकू म्हणून लावलं. धाकट्या सुनेनं तर माझ्या अंगावर हळकुंडं फोडली. शेवटी एका गोणीत मोडक्या कुलपांबरोबर मला भरलं आणि मी इंग्रजांच्या मुलखातून निजामाच्या मुलखात आलो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं मला उचलून विचारलं, "ये क्या है? बंदूक का टुकडा?" गोणीवाला म्हणाला, "नाही सरकार, सुताराचं हत्यार." शिपायानं मला डोळ्याला लावून पाहिलं, कुठं भोक सापडलं नाही, म्हणून सोडून दिलं.

तो गोणीवाला म्हणजे नळदुर्गचा खाजामियाँ. बाजाराच्या दिवशी वेशीजवळ गोणपाट अंथरून बसायचा. दिवस लढाईचे होते. नवं लोखंड मिळेनासं झालं होतं, त्यामुळं चांगले चांगले कारागीर त्याच्या गोणपाटापुढं उकिडवे बसायचे.

एका बाजाराला फकीर मिस्त्री आले. म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक हात लेकीच्या खांद्यावर. ती लेक कुलसुमबी. नवरा वारला तशी माहेरी आलेली, चाळिशीची, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला आणि तोंड मात्र अजिबात न बांधलेलं. बापाला हाताला धरून आणायचं म्हणून ती बाजारात आली, नाहीतर कोण येऊ देतंय. मागं धाकटा भाऊ बाबामियाँ, केसांना तेल चोपडून.

"खाचेचा रंधा पायजे," मिस्त्री म्हणाले. "मुरूमच्या धुळाप्पा शेटजीचं दार घेतलंय. दुपाखी, दोन झडपांचं. फळ्या खाचेत बसवायच्यात."

"तीन हायेत चच्चा," खाजामियाँ म्हणाला. "आधी हा बघा. इलायती. सगळा लोखंडी. साहेबाच्या बंगल्यातला."

बाबामियाँनं तो उचलून उन्हात धरला. "आपा, बघ, तोंड दिसतंय ह्याच्यात!"

"तोंड बघायचं असंल तर आरसा घे," कुलसुमबी म्हणाली आणि तिनं तो त्याच्या हातातनं ओढून घेतला. टेकण दोन बोटांत धरून हलवली. टेकण खडखडली. "पडायला आलेल्या दातागत हालायलीय. खाच अर्ध्यात गेली की ही बाहीर पळणार."

दुसरा रंधा लाकडी, कोरा, पिवळाधमक. तो तिनं गालाला लावला, हुंगला. "ओलं लाकूड हाय. चार उन्हं लागली की पिळा पडणार ह्याला."

खाजामियाँला राग आला. "बाई, तुमी मिस्त्री हाव का?"

"मिस्त्रीचे डोळे हाय म्या. तुमी तो काळा द्या इकडं."

काळा म्हणजे मी. इतक्या वर्षांनी मला कुणी नीट हातात धरलं. तिनं एक डोळा मिटून माझी पट्टी टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग शेजारच्या बाईच्या खराट्यातली एक काडी मोडून घेतली. माझी पट्टी आणि टेकण यांच्यामधल्या फटीत पुढच्या बाजूला ती नेमकी बसेल इतकी तोडली आणि तीच काडी मागच्या बाजूला लावली. तिथंही तितकीच बसली. पितळी ठोकळ्यावर अंगठ्यानं जोर दिला. ठोकळा घसरला नाही. पाचर ठोकून पातं काढलं, धारेवर नख फिरवलं, परत बसवलं.

"अब्बा, रंगरूप काय बघायचं न्हाय," ती म्हणाली. "पट्टी सरळ पायजे, टेकण ठाम पायजे, ठोकळा घट्ट पायजे. बाकीचं घासून निघतं. आता चालवून बघते. लाकूड द्या एखादं."

"बाजारात लाकूड कुठनं आणू म्या?" खाजामियाँ म्हणाला.

"तुमी बसलाव ती पेटी लाकडाचीच हाय की. उठा जरा."

आणि खरंच उठवलं त्याला! पेटीच्या फळीची कड धरली आणि मला चालवलं. सोलापूर सुटल्यापासून माझ्या तोंडातून पहिलं सालपट निघालं. फकीर मिस्त्रींनी वाकून त्या खाचेत बोट घातलं, एकदा पुढं नेलं, एकदा मागं आणलं.

"ह्योच," ते म्हणाले.

"काळाकुट्ट हाय अब्बा," बाबामियाँ कुरकुरला. "लोक हसतील मला."

"हसू दे की. तुला कुठं चालवायचाय?" कुलसुमबी म्हणाली. बापानं तिचा खांदा दाबला. असलं बाजारात बोलायचं नव्हतं.

कारण घरातली गोष्ट ही होती. पुढं रस्त्याला दुकान, तिथं बाबामियाँ बसायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा. मागं परसात पत्र्याखाली बाक, तिथं कुलसुमबी काम करायची. मिस्त्रींचे डोळे जात गेले तशी मापं तिच्या हातात आली, मग करवत आली, मग रंधा. दार बघून गिऱ्हाईक म्हणायचं, पोरगा बापावर गेलाय. पोरगा मान हलवायचा. परसात तिला ते ऐकू यायचं. ती ओठ दाबून पुढचं लाकूड घ्यायची.

मला कसं चालवायचं ते तिला ठाऊक होतं. नवखा माणूस मागच्या टोकापासून मला एकदम पुढं रेटतो, आणि मी भरकटतो. ती पुढच्या टोकाला सुरुवात करायची, वीतभर कापायची, मग थोडं मागं, परत थोडं मागं. डावा हात टेकणीवर आणि टेकण लाकडाला चिकटलेली. धुळाप्पाच्या दाराच्या फळ्यांभोवती बसणाऱ्या सगळ्या लाकडी पट्ट्यांना तिनं अशी खाच मारली. कीस केरसुणीनं गोळा करून चुलीत घातला.

दार मुरूमला नेऊन जोडायचं होतं. तिथं जाणार बाबामियाँ. पट्ट्या-फळ्या गाडीत चढवताना तिनं त्याला बजावलं, "फळी खाचेत सैल ठेव. लाकडाला अंग पसरायला जागा लागती. खाचेत चिकटवायला सरस घालू नको. दुसरं बी काय घालू नको. ती जागा मोकळी पायजे."

"कळतं मला, आपा. म्या काय ल्हान हाय का?"

"ल्हान असतास तर परत सांगितलं नसतं."

मला तिनं घरीच ठेवून घेतलं. खाचा झाल्या होत्या, माझं तिथं काम नव्हतं. म्हणून मुरूममध्ये जोडणीच्या वेळी काय झालं ते मीही पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी सांगितलं कुणाला असतं!

वर्ष व्हायच्या आत धुळाप्पा शेटजीची बैलांची दमणी दुकानापुढं थांबली. शेटजी उतरले ते लालबुंद होऊन.

"मिस्त्री, दार फुटलंय माझं! खालच्या पट्टीचा ओठ खाचेच्या रेघेनं फाटलाय, फळी वर उचललीय, दोन्ही पाखं एकमेकाला लागंनात. तिकडं धाकटा भाऊ वाटणी मागायलाय, आणि गल्लीतल्या बाया म्हणायल्यात, बघा, घर फुटायची खूण दारावर आली. आमची अव्वा, आई माझी, जेवंना झालीय."

फकीर मिस्त्री चाचपडत उभे राहिले. "असं होणार न्हाय शेटजी. आमच्या हातचं दार असं…"

"खाच कुणी मारली?"

आता बघा. इतके महिने सगळ्या मुरूममध्ये ते दार बाबामियाँचं होतं. लोकांनी त्याला चहा पाजला होता, पाठ थोपटली होती. आणि आता तो काय म्हणाला?

"आपानं मारली," तो म्हणाला. "रंधा बी तिनंच निवडला."

शाबासकी घेताना आपा नव्हती. आता एकदम आपा!

शेटजींचं तोंड उघडंच राहिलं. "बाईमाणसाच्या हातचं दार लावलंय व्हय माझ्या घराला?"

मागच्या दारातून कुलसुमबी पुढं आली. "खाच सरळ हाय शेटजी. खाचेनं पट्टी फुटत न्हाय. आतनं कायतरी रेटलंय तिला. पट्टी काढून बघा."

शेटजी मिस्त्रींकडं बघून बोलले, तिच्याकडं नाही. "तुमची लेक लई बोलती."

मिस्त्रींनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांची अब्रू रस्त्यावर उभी होती आणि आजूबाजूचे दुकानदार गल्ला सोडून बघत होते. ते म्हणाले, "कुलसुम, आत जा. आजपासून लाकडाला हात लावायचा न्हाय."

बाबामियाँनं मला बाकावरून उचललं आणि शेळीच्या गोठ्यात भिरकावलं. माझ्या टेकणीचा एक टवका उडाला.

किती दिवस तिथं पडलो ते मी मोजलं नाही. शेळी मला चाटायची. एक कोंबडी माझ्यावर बसूनच अंडं घालायची. माझ्या पट्टीवर तांबूस गंज चढला. माणसांची एक सवय मला तिथं पडल्यापडल्या नीट कळली. काम नीट झालं की ते हाताचं असतं आणि बिघडलं की हत्याराचं. विळीनं बोट कापलं, गाडीनं पाडलं, चुलीनं भाकरी करपवली. स्वतः कुणी काही केलेलंच नसतं!

कुलसुमबी मला विसरली नाही. शेळीची धार काढायला आली की कोंबडीला हाकलायची, पदराचं टोक करडीच्या तेलात बुडवून माझी पट्टी पुसायची. आणि घरात तिनं बोलणं टाकलं. भाकरी करायची, ताट वाढायची, पाणी ठेवायची, शब्द नाही. मिस्त्री म्हणायचे, "मीठ दे." मीठ यायचं. "कालवण चांगलं झालंय." उत्तर यायचं नाही. फक्त उठताना एकच वाक्य बोलायची, "दार उघडून बघा."

"उघडून काय बघायचं?" एकदा मिस्त्री वैतागले. "झाकलीय तेवढी अब्रू बी उघडी करू का?"

"कुणाची झाकलीय अब्बा? माझी तर बाजारात पडलीय."

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. त्यांच्या जिवाला काय लागलं होतं ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. डोळे गेलेले. उद्या दुकान पोराच्या नावावर चालणार. पोराचं नाव गेलं तर दुकान गेलं. लेकीचं नाव तर पाटीवर कधी नव्हतंच, ते गेलं तर कुणाचं काय जातंय?

माझं जातंय, मी शेळीच्या पायाशी पडून म्हणत होतो. तिचं जातंय. ह्या घरात लाकूड कळणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्यालाच तुम्ही चुलीपुढं बसवलं.

मग शेटजींचा निरोप आला. येऊन दार दुरुस्त करून द्या, नाहीतर उमरग्याचा सुतार बोलावतो आणि सगळ्या बाजाराला का ते सांगतो. जाणं भाग होतं. गाडी जुंपली तर बाबामियाँ पोट धरून बसला.

"माझ्या पोटात लई दुखायलंय अब्बा. तुमी गडी घेऊन जावा."

कुलसुमबी कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलली. "कुठं दुखायलंय, दाखव. मुरूमचं नाव निघेस्तोवर दोन भाकरी खाल्ल्यास की! चल, बस गाडीत. गाडीच्या हिसक्यानं पोट उतरंल."

तिनं गोठ्यातून मला उचललं, पातं दगडावर लावून धार काढली आणि गाडीत चढून बसली. मिस्त्री म्हणाले, "तू कुठं?" ती म्हणाली, "तुमचे डोळे घेऊन जायचं का न्हाय?" मिस्त्रींनी सरकून तिला जागा दिली.

मुरूमला शेटजी दारातच उभे. "बाईला कशाला आणलंत?"

आतून त्यांच्या आईचा आवाज आला. शिवकांताबाई, सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. "येऊ दे रे धुळाप्पा. माझ्या दाराला कुणाचा हात लागलाय ते मला बी बघू दे."

अव्वा काठी टेकत आल्या, कपाळावर भस्माच्या रेघा. कुलसुमबीनं त्यांना सलाम केला आणि सरळ दारापुढं बसली. खालची पट्टी हातानं चाचपली. ओली होती. रोज पहाटे अव्वा उंबऱ्यावर सडा घालायच्या, दार धुवायच्या. ते पाणी खालच्या पट्टीला लागायचं. पण पाण्यानं सागाची पट्टी अशी फाटत नाही. तिनं दाराच्या खुंट्या ठोकून काढल्या. बाबामियाँ मागं मागं सरकत भिंतीला टेकला. तिनं खालची पट्टी ओढली.

खाचेतून धान्य गळलं.

हरभरे. फुगून टच्च झालेले, कुजून काळे पडलेले. त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग. वरच्या दोनचार ज्वारीच्या दाण्यांना पांढरे कोंबसुद्धा आले होते. माझ्या खाचेत, जिथं वाऱ्यालासुद्धा मोकळं राहायला सांगितलं होतं, तिथं कुणीतरी पेरणी केली होती! दाणे ठासून भरलेले, वरून फळी दाबलेली. त्यांना रोज सड्याचं पाणी. हरभरा फुगला, त्याला जायला जागा नव्हती, त्यानं खाचेचा ओठ फोडला.

"अगं बया!" अव्वा म्हणाल्या. "ती तर माझी धान्यं."

शेटजींनी वाकून एक दाणा उचलला.

"अव्वा, दारात कशापायी घातली?" शेटजींनी विचारलं.

"मग कुठं घालू? आपल्या घरात चौकट बसवताना तिच्याखाली पाच धान्यं घालतेत. आता चौकट तर माझ्या सासूबाईच्या काळची, ती कशी उचलायची? नवं दार धान्याबिगर कसं लावायचं? दार जोडायला घेतलं तवा ह्या खाचा दिसल्या. म्हणलं, देवानंच जागा ठेवलीय. घातली मूठभर." मग त्यांनी काठीनं दाखवलं. "ह्या पोराला इचारूनच घातली की. व्हय रं?"

सगळ्यांची तोंडं भिंतीकडं वळली.

"बाबू," कुलसुमबी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुला काय सांगून पाठवलं होतं?"

"मोठ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं आपा?" तो म्हणाला. "अव्वांनी हातानं घातली. देवाचं काम. म्या म्हणलं, चार दाण्यानं काय होतंय."

"मग फळी बसली कशी?"

"…हातोडा मारला दोनचार."

"आणि शेटजी दुकानात आल्ते तवा तुला ही धान्यं आठवली न्हाईत?"

तो भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिला.

मी कुलसुमबीच्या मांडीजवळ पडलो होतो. मला वाटलं, झालं. आता सगळे तोंड भरून म्हणतील, बाई खरं बोलत होती. पण माणसं इतकी सोपी नसतात. शेटजी लगेच पुढं आले आणि मिस्त्रींचा हात धरून हळूच म्हणाले, "मिस्त्री, हे बघा, अव्वाचं नाव गल्लीत निघायला नको. तुमच्या पोराचं बी नको, त्याचं पुढं सगळं व्हायचंय. आपण काय म्हणू, रंध्यातच खोट होती. हत्याराला काय वाटतंय?"

वाटतं! शेटजी, हत्याराला वाटतं! मला शिसवीचं अंग आहे म्हणून काय मला लाज नाही? हरभरे तुमचे, हातोडा त्याचा, आणि खोट माझी?

"रंधा म्या निवडलाय," कुलसुमबी ताडकन उभी राहिली. "बाजारात, सगळ्यांपुढं. रंध्याला खोट म्हणाल तर मला खोट म्हणाल. अव्वाला म्या काय बोलत न्हाय. त्यांनी श्रद्धेनं घातलं, त्यांना लाकूड कळत न्हाय. पण ज्याला कळतं त्यानं दाबून वरनं हातोडा मारला. अब्बा, तुमी सांगा."

फकीर मिस्त्री खाली बसले. त्यांनी रिकाम्या खाचेत बोट घातलं, पुढं नेलं, मागं आणलं. किती तरी वेळ. मग उठून म्हणाले, "पट्टी नवी घाला." एवढंच.

नवी पट्टी तिनं तिथंच अंगणात तासली. माझी टेकण लावून खाच मारली. शेटजींच्या घरच्या बाया खांबाआडून बघत होत्या. अव्वांनी नवं धान्य आणलं तेव्हा तिनं ते एका फडक्यात बांधलं आणि चौकटीच्या वर खिळ्याला अडकवून दिलं. "इथनं तुमचं बी घर राखंल आणि माझं बी दार." अव्वांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

परतीच्या वाटेवर तिनं एकदाच विचारलं, "अब्बा, बाजारात काय सांगणार?" मिस्त्री बैलांच्या घुंगरांकडं कान देऊन बसले.

आणि बाजारात कुणीच काही सांगितलं नाही. शेटजींनी आपलं जुनंच बोलणं पसरू दिलं. बाईच्या रंध्यानं धुळाप्पाचं दार फोडलं. नळदुर्गपासून मुरूमपर्यंत तेच. मी परत परसातल्या बाकावर आलो, ती परत मला चालवू लागली, दुकानात परत बाबामियाँ. जणू काही झालंच नाही. फक्त आता ती ओठ दाबत नाही. खाच मारता मारता मोठ्यानं म्हणते, "सगळ्यांना ठाऊक हाय, आणि सगळे मुके झालेत." पुढं दुकानात ते ऐकू जातं. जाऊ दे.

मी आता म्हातारा झालोय. टेकणीचा टवका गेलेला, एक पातं घासून घासून निम्म्यावर आलेलं. पण पट्टी सरळ आहे. एक सांगतो, मनावर घ्या. तुमच्या घरचं दार कधी फुटलं तर आधी हत्याराकडं बोट करू नका. ते उघडा. आत बघा. कुणी काय कोंबलंय ते बघा, आणि ते दिसत असूनसुद्धा वरून कुणी दाबलंय ते विचारा.

परवाच्या बाजाराला लिंबाजी नावाचा एक शेतकरी दुकानात आला. लेकीच्या लग्नाला पेटी करायची होती. बोलणं ठरलं आणि उठता उठता तो डोळा मारून म्हणाला, "मिस्त्री, खाचा तेवढ्या पोराच्या हातनं मारून घ्या. त्या बाईला अन् तिच्या काळ्या रंध्याला माझ्या पेटीपासनं दूर ठेवा. मुरूमचं कानावर हाय आमच्या."

बाबामियाँ हसला. शेजारचा शिंपी हसला. आता रस्त्यापलीकडं गोणपाट अंथरणारा खाजामियाँही हसला.

परसात कुलसुमबीचा हात थांबला. मी लाकडावर अर्ध्या खाचेत उभा. तिचं सगळं बोलून झालं होतं.

"कुलसुम," पुढून मिस्त्रींचा आवाज आला. "रंधा घेऊन बाहीर ये."

ती आली. हातात मी, पदराला कीस चिकटलेला. दुकानाच्या पुढच्या फळीवर, रस्त्याच्या तोंडाला, ती कधी हत्यार घेऊन उभी राहिली नव्हती. मिस्त्रींनी चाचपडत हात पुढं केला आणि माझ्यावर ठेवला.

"लिंबाजी, ह्यो तो रंधा," ते म्हणाले. "माझ्या लेकीनं निवडलाय. शेटजीच्या दाराच्या खाचा तिनंच मारल्यात. तुझ्या पेटीच्या बी तीच मारणार. नको असंल तर दुसरं दुकान बघ. त्या खाचेत म्या माझं बोट घालून बघितलंय. सुतासारखी सरळ व्हती."

लिंबाजीचं हसू गेलं. "मग दार फुटलं कसं?"

"खाचेत जे जायला नको ते गेलं. आमच्या घरच्या कारागिराला ते दिसलं, कळलं, तरी त्यानं वरनं हातोडा मारला. आणि मग गप बसून बहिणीला बोल खाऊ दिला."

"अब्बा," मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. "अब्बा, नका."

"कोण कारागीर, चच्चा?" पलीकडून खाजामियाँनं विचारलं. आता हसत कुणीच नव्हतं.

मिस्त्री मागं वळले नाहीत. वेशीपर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"बाबामियाँ."